कार्ड 'मंजूर' की 'नामंजूर' : दोन सेकंदांतला निवाडा कोण करतो?

मागच्या लग्नसराईतील गोष्ट आहे. महाडकडील एक वयस्कर गृहस्थ मुलीच्या निकाहाची खरेदी करण्यासाठी आमच्या मुंबईच्या दुकानात आले. घरची माणसे सोबत होती. दोन तास कापड पाहून झाले, थाने उलगडली गेली, बिल ४६,५०० रुपयांचे झाले. त्यांनी कार्ड काढून दिले. आमच्या मुलाने ते मशीनमध्ये घातले, त्यांनी पिन दाबला आणि मशीनने 'नामंजूर' असा कागद बाहेर टाकला. मुलाने पुन्हा घातले, पुन्हा नामंजूर. तिसऱ्यांदाही तेच. मग त्याने चारचौघांत मोठ्याने म्हटले, "चाचा, खात्यात पैसे नाहीत." त्या गृहस्थांचा चेहरा उतरला. घरच्यांना घेऊन ते निघून गेले आणि बांधून ठेवलेला माल गल्ल्याजवळ तसाच राहिला.

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. खात्यात लाखाच्या वर रक्कम होती. बँकेने त्यांना सांगितले की, आपले कार्ड नेहमी महाडमध्ये किराणा आणि पेट्रोलसाठी वापरले जाते. परक्या शहरात, एकदम एवढी मोठी रक्कम आली म्हणून आमच्या यंत्रणेने व्यवहार थांबवला व खात्री करण्यासाठी आपल्याला संदेश पाठवला. आमचे दुकान तळमजल्याच्या आत आहे, तेथे मोबाईलला नेटवर्क मिळत नाही. संदेश पोहोचला नाही आणि आम्ही पुन्हा पुन्हा कार्ड घातल्याने बँकेचा शक अधिकच वाढला.

चूक त्या गृहस्थांची नव्हती. बँकेचीही पुरती नव्हती. आमच्या अज्ञानाची मात्र होती. एका इज्जतदार माणसाचा अवमान झाला आणि आमचा सौदा गेला. तेव्हापासून हा निवाडा कसा होतो याची आम्ही चौकशी केली. बँकेच्या लोकांना विचारले, स्वतः वाचले, समजून घेतले. व्यापारी बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे मांडत आहोत. क्रेडिट कार्डावर मुदतीनंतर जे व्याज लागते त्याचा शरई मसला हा उलमांकडून समजून घेण्याचा विषय आहे. आमचे बोलणे दुकानाच्या बाजूने आहे.

जुनी साख, नवी साख

कार्ड येण्यापूर्वी हा निवाडा आपण स्वतःच करीत होतो. ओळखीचे गिऱ्हाईक दर महिन्याला दोन थाने उधार नेते आणि वेळेवर पैसे देते. त्याने तीन थाने मागितली तर आपण मान डोलावतो. तेच गिऱ्हाईक एका संध्याकाळी घाईघाईने येऊन वीस थाने उधार मागू लागले तर आपला हात थबकतो. तो माणूस चोर आहे असे आपण म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, हे त्याच्या नेहमीच्या रीतीला धरून नाही, जरा विचारून घेऊ. खातेवहीतील मागची पाने, बाजारातील बोलवा आणि समोरच्याचा चेहरा या तिन्हींवरून आपण एतबार ठरवतो.

बँकेचा संगणक हेच करतो. फरक असा की, त्याला चेहरा दिसत नाही आणि बाजारातील बोलवा ऐकू येत नाही. त्याच्यापाशी खातेवही मात्र फार मोठी आहे, आणि ती चाळायला त्याला सेकंदाचा काही भागच मिळतो.

आरंभी काय होते

अमेरिकेत सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो या शहरात सुमारे ६०,००० कार्डे लोकांनी मागितली नसताना टपालाने पाठवून दिली. साख पाहिली गेली नाही. बँकेने ४ टक्के थकबाकी धरली होती, ती पुढे २२ टक्क्यांवर गेली. टपालातून कार्डे चोरीसही गेली. याच कार्डाला १९७६ साली व्हिसा हे नाव मिळाले.

त्या काळी दुकानदार काय करीत असे? कार्डावरील उठावाचे अंक कार्बनच्या कागदावर उमटवून घेई. बँकेने प्रत्येक दुकानाला एक मर्यादा घालून दिलेली असे. त्या मर्यादेच्या आतील रक्कम असेल तर बँकेकडून आलेल्या छापील यादीत चोरीच्या कार्डांचे नंबर पाहून माल देई. वरील रक्कम असेल तर फोन करून मंजुरी घेई. यादी छापून दुकानात पोहोचेपर्यंत चोराला पुष्कळ दिवस मिळत. मर्यादेच्या आत राहून तो दहा दुकानांतून माल नेत असे. १९७३ साली या कार्डाच्या जाळ्यात मंजुरीसाठी संगणकाची व्यवस्था सुरू झाली आणि काही मिनिटांचे काम मिनिटाच्या आत होऊ लागले.

आपल्या देशात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली पहिले क्रेडिट कार्ड काढले. आपल्या वस्त्यांतील दुकानांत कार्डाचे मशीन पुष्कळ उशिरा पोहोचले. आज क्यूआरवर पैसे घेणे सर्रास झाले असले तरी लग्नाची मोठी खरेदी, परदेशातून आलेले गिऱ्हाईक आणि क्रेडिटवर घेणारे गिऱ्हाईक यांच्यासाठी मशीन लागतेच.

दोन सेकंदांचा प्रवास

आपण कार्ड मशीनमध्ये घालतो तेव्हा आपल्या दुकानातून एक प्रश्न निघतो. तो प्रथम ज्या बँकेने आपल्याला मशीन दिले तिच्याकडे जातो. ती बँक तो व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांपैकी ज्या जाळ्याचे कार्ड असेल तिकडे पाठवते. जाळे कार्डाच्या आरंभीच्या अंकांवरून ओळखते की हे कार्ड कोणत्या बँकेचे आहे, आणि प्रश्न त्या बँकेकडे जातो. उत्तर त्याच वाटेने परत येते. हा सर्व प्रवास दोन-चार सेकंदांचा असतो.

यातून पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी की, नामंजुरी आपले मशीन देत नाही आणि बहुतेक वेळा आपली बँकही देत नाही. ती गिऱ्हाइकाच्या बँकेकडून येते. म्हणून अशा वेळी आपल्या बँकेच्या माणसाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

प्रश्नात काय काय लिहिलेले असते? कार्डाचा नंबर, रक्कम, चलन, तारीख व वेळ, आपल्या मशीनचा व दुकानाचा नंबर, शहर, आपल्या धंद्याचा चार अंकी क्रमांक, आणि कार्ड कसे वाचले गेले, म्हणजे चिपने, नुसते टेकवून, मागच्या काळ्या पट्टीने की हाताने नंबर घालून. चिप असेल तर ती प्रत्येक व्यवहारासाठी एक नवीन गुप्त खूण तयार करून देते. त्या खुणेची नक्कल पुढच्या व्यवहारात चालत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने नुसत्या पट्टीची कार्डे २०१८ अखेर बदलून चिपची देण्यास बँकांना सांगितले होते.

गिऱ्हाइकाने साडी घेतली की शेरवानी, भाव काय ठरला, ही माहिती त्या प्रश्नात नसते. धंद्याचा क्रमांक मात्र असतो. किराण्याला ५४११, घरच्या सर्वांचे कपडे विकणाऱ्या दुकानाला ५६५१, दागिन्यांच्या दुकानाला ५९४४ असे हे क्रमांक जगभर ठरलेले आहेत. मशीन घेताना अर्जावर धंदा चुकीचा लिहिला गेला असेल तर बँकेला आपण जे नाही तेच दिसत राहते. आपला क्रमांक काय आहे हे प्रत्येकाने एकदा बँकेला विचारून पाहावे.

बँक काय पाहते

गिऱ्हाइकाच्या बँकेत दोन चाळण्या असतात. पहिली चाळणी सरळ नियमांची आहे. कार्ड खरे आहे का, मुदत संपली आहे का, हरवल्याची तक्रार आहे का, पिन बरोबर आहे का, खात्यात रक्कम किंवा क्रेडिटची मर्यादा शिल्लक आहे का, दिवसाची मर्यादा ओलांडली का. यांचे उत्तर होय किंवा नाही असेच असते, त्यात अंदाज नाही.

दुसरी चाळणी अंदाजाची आहे आणि सगळी गंमत तिच्यात आहे. येथे संगणक या व्यवहाराची तुलना त्या कार्डाच्या मागील व्यवहारांशी करतो. ही रक्कम नेहमीच्या मानाने केवढी आहे? हे शहर नेहमीचे आहे का? या वेळी हा माणूस कधी खरेदी करतो का? गेल्या तासाभरात किती वेळा कार्ड वापरले गेले? पुण्यात अकरा वाजता कार्ड वापरले आणि अकरा चाळीसला दिल्लीत तेच कार्ड पट्टीने घासले गेले तर एक माणूस दोन्हीकडे असू शकत नाही, हे संगणकाला कळते. चोरीचे कार्ड चालते की नाही हे पाहण्यासाठी चोर आधी दहा-वीस रुपयांची लहान खरेदी करतात आणि मग मोठा हात मारतात. ही चालही त्याला ठाऊक असते. दुकानाचा पूर्वेतिहासही पाहिला जातो. ज्या दुकानातील व्यवहारांवर पूर्वी तक्रारी आल्या, त्या दुकानाच्या पुढच्या व्यवहाराकडे अधिक शकाने पाहिले जाते.

ही तुलना माणसांनी लिहिलेल्या नियमांवरच चालत नाही. १९९२ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथील एचएनसी या कंपनीने फाल्कन नावाची यंत्रणा आणली. मेंदूतील पेशींच्या जोडणीवरून बेतलेली गणिताची एक पद्धत तिच्यात होती. मागचे असंख्य व्यवहार तिला दाखवले गेले, त्यातले खरे कोणते आणि दगाबाजीचे कोणते हेही सांगितले गेले, आणि त्यांतील फरक ती स्वतः शिकत गेली. नवा शिकाऊ मुलगा पेढीवर बसून बसून गिऱ्हाईक ओळखायला शिकतो, तसाच हा प्रकार आहे. अशी यंत्रणा प्रत्येक व्यवहाराला गुण देते. फाल्कनमध्ये ते १ ते ९९९ असतात. गुण जितके जास्त तितका शक जास्त. २००५ पासून व्हिसाने आपल्या जाळ्यातच असे गुण काढून ते बँकेकडे प्रश्नासोबत पाठवण्यास सुरुवात केली.

गुण यंत्र देते, पण किती गुणांच्या वर व्यवहार अडवायचा ती रेघ बँक ठरवते. म्हणून एकाच प्रकारच्या व्यवहाराला एक बँक होकार देते आणि दुसरी नकार देते.

खरे गिऱ्हाईक का अडते

येथे एक हिशेब पाहू. आकडे आम्ही समजण्यासाठी धरले आहेत. समजा, एका बँकेकडे १०,००० व्यवहार आले. त्यांत १० दगाबाजीचे आणि ९,९९० खरे आहेत. चाळणी चांगली आहे : दहा चोरांपैकी आठ पकडते आणि खऱ्या गिऱ्हाइकांपैकी शंभरात एकालाच चुकून अडवते. तरी खऱ्यांपैकी सुमारे १०० अडले. म्हणजे एकूण १०८ जण अडवले गेले, त्यांत चोर फक्त ८. चाळणी उत्तम असूनही अडवलेल्या दर तेरा-चौदा माणसांत एकच चोर आणि बाकीचे सगळे प्रामाणिक!

बँकेने रेघ आणखी खाली आणली तर नववा चोरही सापडेल, पण त्यापायी आणखी दोनशे खरे लोक अडतील. रेघ वर नेली तर लोकांची सोय होईल आणि चोरांचीही. यातून सुटका नाही, कारण प्रामाणिक माणसे फार आणि चोर थोडे आहेत. आमच्या मुलाला हा हिशेब ठाऊक असता तर त्याने त्या गृहस्थांना तसे म्हटले नसते. कार्ड नामंजूर झालेला माणूस समोर उभा असेल तर तो खराच असण्याचा संभव फार मोठा आहे, हे आम्ही आता मनाशी पक्के केले आहे.

रमजान आणि संगणक

आपल्या बाजाराचा एक खास प्रश्न आहे. वर्षाचे दहा महिने ज्या दुकानात दिवसाला वीस कार्डे चालतात, तेथे रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात तरावीहनंतर मध्यरात्रीपर्यंत शेकडो चालतात. रक्कम मोठी, वेळ रात्रीची, गिऱ्हाईक बाहेरगावचे. संगणकाच्या नजरेने पाहा : एरवी शांत असणारे दुकान, रात्री एक वाजता, नेहमीच्या दहापट धंदा. चोरीच्या कार्डांचा धंदा करणारे दुकानही नेमके असेच दिसते.

त्यात तारखेचा घोळ आहे. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास राहते, नाताळ तर त्याच तारखेला. हिजरी वर्ष मात्र सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान आहे. आपल्याकडे ईदुल फित्र २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला झाली. जी यंत्रणा या वर्षीच्या एप्रिलची तुलना मागच्या वर्षीच्या एप्रिलशी करील, तिला आपला धंदा कधी एकाएकी वाढलेला तर कधी एकाएकी कोसळलेला दिसेल. यात कोणाचा द्वेष शोधण्याचे कारण नाही. यंत्राला जे सांगितले गेले नाही ते त्याला माहीत नसते, आणि सांगण्याचे काम आपले आहे.

उपाय सोपा आहे. रमजान सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी मशीन देणाऱ्या बँकेला लेखी कळवावे : अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमचे दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे राहील, धंदा एवढ्यापर्यंत वाढण्याची अपेक्षा आहे. मागच्या ईदच्या महिन्याचा हिशेब जोडावा. पत्राची पोच घ्यावी. गिऱ्हाइकाची बँक तरीही एखादे कार्ड अडवील, पण आपल्या बँकेने शकापोटी आपले पैसे रोखून धरण्याचा धोका कमी होतो. ऐन ईदेच्या तोंडावर पैसे अडकले तर सुरतेच्या किंवा भिवंडीच्या व्यापाऱ्याला काय देणार?

चौकीदारच बदलला तर

ही चौकशी किती महत्त्वाची आहे ते पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या प्रकरणाने दाखवले. ऑगस्ट २०१८ मध्ये गुन्हेगारांनी या बँकेच्या संगणकात शिरकाव केला. कार्डाचा प्रश्न बँकेच्या मुख्य हिशेबापर्यंत जाण्यापूर्वीच मध्ये एक बनावट यंत्रणा बसवली. ११ ऑगस्टला नकली कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून सुमारे १२,००० व्यवहारांत ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. प्रत्येक वेळी बँकेला विचारणा झाली, पण खात्यात पैसे आहेत का हे कोणी पाहिलेच नाही. ती बनावट यंत्रणाच होकार देत राहिली. १३ ऑगस्टला आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या वर गेले.

तेव्हा, एखादे वेळी आपले खरे गिऱ्हाईक अडले म्हणून ही चौकशीच नको, असे म्हणता येत नाही. चौकशी नसेल तर काय होते, ते आपल्या पुण्याने पाहिले आहे.

कागदावरील आकडे

नामंजुरीच्या कागदावर किंवा मशीनच्या पडद्यावर बहुधा दोन अंकांचा क्रमांक येतो. तो वाचायला शिकावे. ५१ म्हणजे खात्यात रक्कम अपुरी. ५४ म्हणजे कार्डाची मुदत संपली. ५५ म्हणजे पिन चुकला, आणि ७५ म्हणजे चुकीचा पिन ठरल्यापेक्षा जास्त वेळा घातला गेला. ६१ म्हणजे रकमेची मर्यादा ओलांडली. १४ म्हणजे कार्डाचा नंबर बरोबर नाही. ९१ म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेशी संपर्कच झाला नाही. अशा वेळी पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पाहण्यास हरकत नाही. ४१ म्हणजे हरवलेले आणि ४३ म्हणजे चोरीचे कार्ड म्हणून नोंद आहे. तेथे माल देऊ नये, वादही घालू नये, आपल्या बँकेला फोन करावा.

सर्वांत जास्त घोटाळा ०५ चा आहे. त्याचा अर्थ एवढाच की, बँक हा व्यवहार करू इच्छित नाही. कारण ती सांगत नाही. शकापोटी अडवलेले पुष्कळ व्यवहार याच क्रमांकाने परत येतात. आमच्या महाडच्या गृहस्थांच्या कागदावर ०५ होते, ५१ नव्हते. तो कागद आमच्या हातात होता आणि आम्ही तो वाचला नाही. ०५ आले तर कार्ड पुन्हा पुन्हा घालू नये. गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगावे की, आपल्या बँकेने खात्रीसाठी थांबवले आहे, कार्डाच्या मागील नंबरवर फोन करा. दुकानात नेटवर्क नसेल तर त्यांना बाहेर नेऊन आपला फोन द्यावा. बँकेने खात्री करून घेतली की तोच व्यवहार बहुधा पुढच्या खेपेला मंजूर होतो.

कधी कागद निघत नाही आणि गिऱ्हाइकाच्या खात्यातून मात्र रक्कम वजा झाल्याचा संदेश येतो. सप्टेंबर २०१९ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांच्या आत आपोआप परत जमा झाली पाहिजे, त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई आहे. मंजुरीचा कागद निघाल्याशिवाय नुसता गिऱ्हाइकाच्या मोबाईलवरील संदेश पाहून माल देऊ नये.

काय करू नये

काही गोष्टी आपले बांधव सोय म्हणून करतात आणि स्वतःच्या दुकानावर डाग लावून घेतात. ३०,००० नामंजूर झाले म्हणून १०-१० हजारांचे तीन तुकडे करून पाहणे, ही चोरांची चाल आहे. संगणक तिला तशीच ओळखतो. ५,००० रुपयांपर्यंत कार्ड नुसते टेकवून पिनशिवाय व्यवहार होतो म्हणून मोठ्या बिलाचे पाच-पाच हजारांचे तुकडे करणे हेही तसेच.

शेजारच्या दागिनेवाल्याचे मशीन बंद आहे म्हणून त्याचे गिऱ्हाईक आपल्या मशीनवर घेऊ नये. बँकेच्या वहीत ती आपली विक्री होते. उद्या त्या गिऱ्हाइकाने तक्रार केली तर बिल आपल्याला दाखवावे लागेल, आणि ते आपल्यापाशी नसेल.

सर्वांत वाईट म्हणजे कार्ड घासून, माल न देता, दोन-तीन टक्के कापून रोख रक्कम देणे. बँकेच्या कराराने हे मना आहे. माल नसताना विक्री लिहिणे हे खोटे आहे, आणि आज कमी देऊन उद्या जास्त वसूल होणारा हा व्यवहार सूदच्या किती जवळ जातो, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. वर, असे सरळ आकड्यांचे व्यवहार संगणकाला चटकन दिसतात. मशीन जाते आणि दुसरी बँकही नवे मशीन देताना मागची नोंद पाहते.

आपल्या कार्डासाठी

आपण स्वतःही कुठेतरी गिऱ्हाईकच असतो. माल आणण्यासाठी दूर जायचे असेल, मोठी खरेदी असेल, तर बँकेला आधी कळवावे आणि तिच्याकडील आपला मोबाईल नंबर चालू असावा. उमरा किंवा हजला जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. २०२० साली रिझर्व्ह बँकेने केलेल्या नियमाप्रमाणे नवीन कार्ड फक्त देशात, मशीनमध्ये व एटीएममध्ये घालून वापरण्यापुरतेच चालू असते. परदेशातील वापर आपण स्वतः बँकेत किंवा बँकेच्या ॲपवर चालू करावा लागतो. तो न करता गेलेला हाजी मक्केत कार्ड घेऊन उभा राहतो आणि मशीन नाही म्हणते. तद्वतच आखाती देशांतून सुट्टीवर आलेल्या आपल्या गिऱ्हाइकांच्या बँकांनाही एकाएकी भारतात निघालेले कार्ड खटकू शकते. त्यांना आल्याबरोबर बँकेला कळवण्यास सांगावे.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी व साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. व्यापाऱ्याने हिशेब स्पष्ट ठेवावा ही शिकवण आपल्याला नवीन नाही. आज आपला प्रत्येक व्यवहार कुठेतरी लिहिला जात आहे आणि त्या लिखाणावरून आपली व आपल्या गिऱ्हाइकाची साख ठरत आहे. ते लिखाण स्वच्छ राहील एवढे आपल्या हातात आहे. प्रत्येक कार्डाच्या विक्रीचे बिल, मालाचे वर्णन आणि मंजुरीचा कागद एकत्र ठेवावा.

महाडचे ते गृहस्थ पुन्हा दुकानात आले. आम्ही त्यांची माफी मागितली. निकाहाची खरेदी तोवर दुसरीकडे झालेली होती. त्यांनी दोन ओढण्या घेतल्या आणि पैसे रोख दिले. त्या संध्याकाळी आम्ही वरील आकड्यांची यादी उर्दू व मराठीत लिहून गल्ल्याच्या आतल्या बाजूस चिकटवली आणि दुकानातील मुलांना एकच वाक्य पाठ करायला लावले : "चाचा, बँक खात्री करून घेते आहे, आपण बसा, पाणी घ्या." हे वाक्य आपणही आपल्या दुकानात शिकवावे. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो.